पुण्याच्या हॉटेलात मँचेस्टरचे फ्लॅट विकणाऱ्यांना खुलं पत्र

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात शनिवार-रविवार तुम्ही मँचेस्टरच्या फ्लॅटचं प्रदर्शन भरवलंत. माझे मामा तिथं गेले होते. ते वीज मंडळातून निवृत्त झालेत. कोथरूडचा बंगला पुनर्विकासाला गेला, आणि हाती आलेली रक्कम कुठं गुंतवावी या विचारात ते वर्षभर आहेत. तुमच्या माणसांनी त्यांना कॉफी पाजली, लंडनहून आलेल्या साहेबांशी हस्तांदोलन घडवलं आणि पाच हजार पौंड भरून घेऊन दोन बेडरूमचा एक फ्लॅट त्यांच्या नावानं राखून ठेवला. रात्री मामांनी तुमची पुस्तिका मला व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिलं, "तू तिथंच राहतेस. जागा बघून कळव."

जागा बघितली, पुस्तिकाही वाचली. काही प्रश्न पडले म्हणून तुमच्या प्रतिनिधींना ईमेल केला. उत्तरात आणखी एक पुस्तिका आली, सोबत नाशिकच्या प्रदर्शनाचं निमंत्रण. मग हे सगळ्यांसमोर विचारावं असं ठरवलं. तुमचं नाव मी लिहीत नाही. हा धंदा करणारे तुम्ही एकटे नाही, आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवं नाव घेऊन तोच मजकूर पुण्या-मुंबईत फिरतो.

मी मूळची साताऱ्याची. मँचेस्टरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि 2016 पासून इथल्या एका सहा मजली इमारतीतल्या फ्लॅटची, तुमच्या भाषेत, 'मालकीण' आहे. तुम्ही विकता त्या मालाचा अनुभव घेतलेली म्हणून मला बोलायचं आहे.

आधी जागेविषयी. पुस्तिकेवर 'मँचेस्टर सिटी सेंटर' असं ठळक छापलंय. तो प्लॉट अर्वेल नदीच्या पलीकडे, म्हणजे सॅलफर्डमध्ये आहे. नदी अरुंद आहे, पुलावरून दोन मिनिटांत पार होते, पण पलीकडे वेगळी महापालिका, वेगळा कौन्सिल टॅक्स आणि घरांच्या वेगळ्या किमती. सॅलफर्डमध्ये राहण्यात कमीपणा काहीच नाही. तसं लिहा म्हणजे झालं. पुस्तिकेतल्या फोटोत जो कालवा आणि विटांच्या कमानी दिसतात त्या कॅसलफील्डच्या, प्लॉटपासून चालत अर्ध्या तासावरच्या. प्लॉटच्या शेजारी प्रत्यक्षात हातानं गाड्या धुण्याचं केंद्र आहे आणि समोर टायरचं दुकान. मी गेले तेव्हा पत्र्याच्या कुंपणाला एक भोक होतं. आत पाण्याचं डबकं आणि एक बंद पडलेलं खोदकामाचं यंत्र दिसलं. ताबा मात्र येत्या दीड वर्षात!

पुस्तिकेत एक पान खास मराठी माणसासाठी आहे, कापसाच्या जुन्या नात्याचं. इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर हे शाळेत पाठ केलेल्या माणसाला हे शहर आपलं वाटतं, हे तुम्ही अचूक हेरलंत. नातं आहेच. इथल्या अँकोट्स भागातल्या जुन्या गिरण्यांत आज फ्लॅट आहेत. त्यांतल्या मरे मिल्सची सर्वांत जुनी इमारत 1798 ची. आपल्या गिरणगावातही गिरण्या गेल्या आणि टॉवर आले. पण परळच्या टॉवरमधला फ्लॅट आणि मँचेस्टरच्या टॉवरमधला फ्लॅट यांच्या कागदात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि नेमकं तेच तुमच्या पुस्तिकेत नाही.

महाराष्ट्रात फ्लॅट घेतला की सोसायटी होते. 1963 च्या मोफा कायद्यानं बिल्डरवर जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देण्याचं बंधन घातलं. तो टाळाटाळ करतो हे आपण सगळे जाणतो, म्हणून तर 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद करावी लागली. तरीही शेवटी इमारत राहणाऱ्यांची. मेंटेनन्स वाढला तर वार्षिक सभेत सेक्रेटरीला धारेवर धरता येतं, पुढच्या वर्षी बदलताही येतं.

इंग्लंडमधल्या फ्लॅटचं बहुतेक सगळीकडे असं नसतं. इथं फ्लॅट 'लीजहोल्ड' असतो. जमीन आणि इमारत तिसऱ्याचीच, त्याला फ्रीहोल्डर म्हणतात. तुम्ही जे विकत घेता तो ठरावीक वर्षं राहण्याचा किंवा भाड्यानं देण्याचा हक्क. मामांच्या फ्लॅटचं लीज अडीचशे वर्षांचं आहे असं मला बिल्डरच्या इंग्रजी संकेतस्थळावर सापडलं; तुमच्या पुस्तिकेत 'मालकी हक्काचा फ्लॅट' एवढंच आहे. इमारतीची देखभाल कोण करणार, विमा कोणाकडून घ्यायचा, लिफ्टचं कंत्राट कोणाला, हे फ्रीहोल्डर किंवा त्यानं नेमलेली कंपनी ठरवते आणि बिल आपण भरतो. त्याला सर्व्हिस चार्ज म्हणतात. तो वाजवी नसेल तर न्यायाधिकरणात जाता येतं, पण कागदपत्रं आपण गोळा करायची, वेळ आपला जायचा. आणि 350 पौंडांहून अधिक थकबाकी राहिली तर लीजच संपुष्टात आणण्याची कारवाई फ्रीहोल्डरला सुरू करता येते. कोर्टात प्रकरण त्या टोकाला क्वचितच जातं हे खरं. तरी अडीच लाख पौंड मोजलेल्या माणसाला ते आधी कळायला हवं की नको?

सोसायटीसारखी पद्धत इंग्लंडच्या कायद्यात 2002 पासून आहे. तिचं नाव कॉमनहोल्ड. इतक्या वर्षांत देशभरात अशा वसाहती दोन डझनही झाल्या नाहीत, कारण बिल्डरांना त्यात रस नव्हता. मार्च 2025 मध्ये सरकारनं नवे फ्लॅट कॉमनहोल्डच असावेत अशी श्वेतपत्रिका काढली. याचा अर्थ तुम्ही आज घाईघाईनं जो माल खपवताय, तो पद्धत बदलण्याआधीचा माल आहे.

ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं वार्षिक भाडं. त्याबद्दल तर तुम्ही कमालच केलीत. 'बिल्डरकडून खास भेट: ग्राउंड रेंट शून्य!' अहो, 30 जून 2022 नंतरच्या नव्या लीजवर ग्राउंड रेंट घेता येत नाही, असा कायदाच आहे. भेट कसली? आणि त्याच पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर 'तयार ताबा' म्हणून जे जुने फ्लॅट आहेत, त्यांना तो कायदा लागू नाही. त्यांतल्या एकाचं लीज मी मागवून वाचलं. वर्षाला 250 पौंड, आणि दर दहा वर्षांनी दुप्पट. दहा वर्षांनी 500, वीस वर्षांनी 1,000, पन्नास वर्षांनी 8,000. असे फ्लॅट पुढं विकताना अडतात. ग्राउंड रेंट किमतीच्या हजारात एक भागापेक्षा जास्त असेल तर इथल्या बऱ्याच बँका कर्जाला हात आखडता घेतात. दोन लाखांच्या फ्लॅटला ती मर्यादा झाली 200 पौंड. म्हणजे हा फ्लॅट पहिल्याच दिवशी तिच्या वर!

आता किमतीकडे येते. तुम्ही एक आलेख छापलाय, मँचेस्टरच्या घरांच्या किमतींचा, वरवर चढत जाणारा. तो खोटा नाही. मँचेस्टरच्या घराची सरासरी किंमत आता अडीच लाख पौंडांच्या आसपास आहे. पण त्या सरासरीत चॉर्लटन-डिड्सबरीची अंगणवाली घरं आहेत, साध्या रांगेतली विटांची घरं आहेत, आणि आलेख चढवलाय मुख्यतः त्यांनी. गेली काही वर्षं देशभर घरं आणि फ्लॅट यांच्या वाटा वेगळ्या झाल्यात. फ्लॅट मागं राहिलेत. शिवाय नव्या फ्लॅटच्या पहिल्या किमतीत तुमचं कमिशन असतं, फर्निचरचं पॅकेज असतं, आणि ते जे 'दोन वर्षं खात्रीशीर भाडं' तुम्ही देता, तेही खरेदीदाराच्याच पैशातून आधी घेतलेलं असतं. दुसऱ्या खरेदीदाराला यातलं काहीच द्यायचं नसतं. तो शेजारच्या शंभर फ्लॅटांशी तुलना करून भाव पाडून मागतो.

इंग्लंडच्या लँड रजिस्ट्रीत प्रत्येक घर कितीला विकलं गेलं ते कोणालाही फुकट बघता येतं. तुमच्याच बिल्डरनं त्याच रस्त्यावर आधी बांधलेल्या इमारतीचे सौदे मी तिथं काढून बघितले. पहिल्यांदा विकले गेलेले फ्लॅट पाच-सहा वर्षांनी पुन्हा विकले गेले, ते बरेचसे मूळ किमतीला किंवा त्याखाली. त्या इमारतीचा फोटो पुस्तिकेत 'आमचं यश' या मथळ्याखाली आहे.

यापुढचं मी ऐकीव सांगत नाही.

14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि 72 माणसं गेली. इमारतीला बाहेरून लावलेलं आवरण पेटत वर गेलं होतं. त्यानंतर देशभरच्या उंच इमारती तपासायला सुरुवात झाली. आमची सहा मजल्यांची, तेव्हा आम्ही निर्धास्त. मग नोव्हेंबर 2019 मध्ये इथून जवळच, बोल्टनमध्ये, विद्यार्थ्यांच्या 'द क्यूब' या इमारतीला आग लागली. ती इमारत 'उंच' ठरण्याच्या 18 मीटरच्या मर्यादेहून जराशी कमी उंचीची होती आणि तिचं आवरण ग्रेनफेलहून वेगळ्या प्रकारचं होतं. दोन महिन्यांत सरकारी सल्ला बदलला. कमी उंचीच्या इमारतीही तपासा, असं झालं, आणि बँकांनी सगळ्यांकडेच ईडब्ल्यूएस-1 नावाचा, बाहेरच्या भिंती आगीला कितपत सुरक्षित आहेत ते सांगणारा फॉर्म मागायला सुरुवात केली.

त्याच सुमारास मी फ्लॅट विकायला काढला होता. एक शिक्षक जोडपं घ्यायला तयार होतं, किंमत ठरली होती. त्यांच्या बँकेनं मूल्यांकनाला माणूस पाठवला. त्यानं दिलेल्या अहवालाची प्रत अजून माझ्या फायलीत आहे. छापील फॉर्म, वर आमच्या दाराचा फोटो, खाली एक चौकट: बाजारमूल्य. चौकटीत लिहिलेलं: 0 पौंड. मला वाटलं, एखादा आकडा टाइप करायचा राहिला असेल. फोन केला तर तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, फॉर्म नाही तोवर बँकेच्या लेखी याची किंमत शून्यच.

सौदा अर्थातच मोडला. पुढं तपासणी झाली आणि इमारतीला 'बी-2' शेरा मिळाला. म्हणजे दुरुस्तीशिवाय गत्यंतर नाही. दुरुस्ती होईपर्यंत चोवीस तास गस्त ठेवा, असा हुकूम आला. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस रात्रभर मजल्या-मजल्यावरून फिरायचा. कमरेला गॅसच्या डबीवर वाजणारा भोंगा. आग दिसली तर भोंगा वाजवायचा आणि दारं ठोठवायची, एवढंच काम. पहाटे दोनला त्याच्या बुटांचा आवाज दारावरून जायचा, मग जिन्याचं जड दार धप्पकन बंद व्हायचं. त्याचा पगार आमच्या सर्व्हिस चार्जमध्ये. इमारतीचा विमा महागला, तोही सर्व्हिस चार्जमध्ये. वर्षाला साधारण 1,400 पौंड भरत होते ते 3,900 पर्यंत गेलं. शेजारची बाळंत झालेली मुलगी एका खोलीच्या फ्लॅटमध्ये अडकून पडली. विकता येईना, आणि नियमात बसत नाही म्हणून भाड्यानंही देता येईना.

2022 च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानं आमच्यासारख्यांना बरंच संरक्षण दिलं, बिल्डरनंही दुरुस्तीच्या करारावर सही केली, आणि अलीकडे काही बँका अशा फ्लॅटवर कर्ज देऊ लागल्यात, हेही सांगायला हवं. पण आज हे लिहिताना आमची इमारत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आहे, खिडकी उघडत नाही, आणि काम कधी संपणार ते कोणी लिहून देत नाही. इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये अंदाज दिला की 11 मीटरहून उंच अशा 9,000 ते 12,000 इमारतींना दुरुस्ती लागेल आणि 2035 उजाडेल.

तुम्ही म्हणाल, आमची इमारत नवी आहे, नव्या नियमांची आहे. मान्य. पण शेवटच्या पानावरचे 'तयार ताबा' फ्लॅट नवे नाहीत. कायद्याचं संरक्षण फ्लॅटला मिळेल की नाही हे 14 फेब्रुवारी 2022 ला तो कोणाचा होता यावर ठरतं: त्या दिवशी तो त्या मालकाचं राहतं घर होता का, किंवा त्याच्याकडे ब्रिटनमध्ये तीनपेक्षा जास्त घरं होती का. घाऊक गुंतवणूकदाराचा फ्लॅट मामांनी घेतला, तर दुरुस्तीचं बिल त्यांच्यावर येऊ शकतं. हे संरक्षण आहे की नाही ते सांगणारा मालकाचा दाखला असतो. त्याचं नाव तरी तुमच्या एखाद्या विक्रेत्याला माहीत आहे का?

'खात्रीशीर सहा टक्के' हाही हिशेब करून बघू. अडीच लाख पौंडांवर सहा टक्के म्हणजे वर्षाला 15,000 भाडं. त्यातून सर्व्हिस चार्ज 3,200. भाडेकरू सांभाळणाऱ्या एजंटाचे बारा टक्के आणि त्यावर व्हॅट, म्हणजे 2,160. एक महिना फ्लॅट रिकामा राहिला तर 1,250. विमा, गॅस-विजेचे दाखले, किरकोळ दुरुस्ती मिळून 900. हातात उरले 7,490. तीन टक्के, आणि तेही आयकराच्या आधी. मामांच्या बँकेतली ज्येष्ठ नागरिकांची मुदत ठेव याच्या दुप्पट देते, आणि तिथं रात्री दोनला भोंगेवाला लागत नाही.

मुद्रांक शुल्काबद्दल तुमच्या साहेबांनी मामांना सांगितलं, "साधारण एक टक्का." एक टक्का इथं राहणाऱ्या आणि जगात दुसरं घर नसलेल्या माणसाला. मामांचं पुण्यातलं घरही इथं मोजलं जातं, म्हणून दुसऱ्या घराचा पाच टक्के अधिभार. परदेशस्थ म्हणून आणखी दोन टक्के. अडीच लाखांवर मूळ शुल्क 2,500, अधिभार 12,500 आणि 5,000. एकूण 20,000 पौंड. वीस हजार कुठं, अडीच हजार कुठं! भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेची माणशी अडीच लाख डॉलरची वार्षिक मर्यादा आहे, आणि दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर मामा-मामींचे पन्नास लाखांहून जास्त रुपये अडकून राहणार. इथं एजंट भाड्यातून कर कापून ठेवणार, तिथं विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावी लागणार, नाही दाखवली तर दहा लाखांचा दंड होऊ शकतो. यातलं अवाक्षर पुस्तिकेत नाही. 'कर सल्लागाराशी बोला' एवढी ओळ आहे, ती मुंगीच्या अक्षरात.

इसाराच्या रकमेचंही तसंच. महाराष्ट्रात महारेराचा क्रमांक टाकला की प्रकल्पाची कुंडली दिसते, आणि खरेदीदारांच्या पैशांतला सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. इंग्लंडमध्ये असं काही नाही, आणि परदेशातल्या प्रकल्पावर महारेराचा अंमल चालत नाही. दोन्ही देशांच्या कायद्यांमधल्या फटीत तुमचं प्रदर्शन भरतं. लिव्हरपूलला 'न्यू चायनाटाऊन' नावाचा वीस कोटी पौंडांचा प्रकल्प जाहीर झाला होता. हाँगकाँग आणि चीनमधल्या लोकांनी आगाऊ पैसे भरले, आणि बांधकाम अर्ध्यावर राहिलं. मामांच्या करारात तीस टक्के रक्कम बांधकामाआधी द्यायची आहे. ती कोणाच्या खात्यात जाणार, बिल्डर बुडाला तर कोण भरून देणार, हे करारात मला सापडलं नाही.

हा सगळा हिशेब मामांच्या बाजूचा झाला. या शहराचीही एक बाजू आहे. 2016 आणि 2017 मध्ये मँचेस्टर महापालिकेनं मंजूर केलेल्या मोठ्या प्रकल्पांत चौदा हजारांहून अधिक घरं होती आणि सरकारी व्याख्येनं परवडणारं म्हणावं असं त्यांत एकही नव्हतं, हे 'गार्डियन'नं 2018 मध्ये छापलं तेव्हा इथं मोठा गदारोळ झाला होता. डीन्सगेटला 201 मीटरचा टॉवर उभा राहिला, आणि माझ्या प्रयोगशाळेत नव्यानं लागलेली मुलं पगारातला निम्मा भाग भाड्यात घालून चौघांत एक घर घेतात. फ्लॅट आधी परदेशात विकायला काढायचे आणि उरलेले इथं, ही तुमची रीत. माझ्या एका सहकाऱ्यानं अशाच इमारतीत चौकशी केली तर त्याला सांगितलं, खालचे चार मजले संपले. इमारतीचा पायाही भरला नव्हता. बाहेरच्यांनी येऊ नये असं मी म्हणणार नाही, मीही बाहेरचीच. पण इथं कधी पाऊल न ठेवणाऱ्याला चढ्या भावानं फ्लॅट विकून तोच भाव उद्या इथल्या नर्सला 'बाजारभाव' म्हणून दाखवायचा, याला माझा विरोध आहे.

म्हणून माझ्या मागण्या. बुकिंगचा एक पैसा घेण्याआधी मराठीत, छापील आणि सही-शिक्क्याचं एक पान द्या. त्यावर लीजची मुदत, फ्रीहोल्डर कोण, सर्व्हिस चार्जचा पहिल्या वर्षाचा आकडा आणि तो वाढण्याची पद्धत, ग्राउंड रेंट, आणि फ्लॅट नेमका कोणत्या महापालिकेत आहे, एवढं हवं. मुद्रांक शुल्क त्या खरेदीदाराच्या परिस्थितीप्रमाणे काढून द्या, 'साधारण' नको. जुन्या फ्लॅटसोबत ईडब्ल्यूएस-1 आणि मालकाच्या संरक्षणाचा दाखला जोडा. तो नसेल तर फ्लॅट विकू नका. परताव्याचा आकडा छापायचा असेल तर खर्च वजा करून छापा. त्याच बिल्डरच्या आधीच्या इमारतींमधले पुनर्विक्रीचे भाव लँड रजिस्ट्रीतून काढून आलेखाशेजारी ठेवा. तुमचं कमिशन किती ते सांगा. आगाऊ रक्कम कोणत्या विम्यानं किंवा खात्यानं सुरक्षित आहे त्याचा कागद द्या. खरेदीदाराचा वकील तुम्ही सुचवू नका. मामांना तुम्ही सुचवलेला वकील बिल्डरचंही काम करतो. आणि बुकिंग रद्द करायला चौदा दिवस द्या, रक्कम पूर्ण परत करून. मामांना तुम्ही 48 तास दिलेत, त्यातला एक दिवस रविवार.

इंग्लंडमध्ये विक्री करताना महत्त्वाची माहिती ग्राहकापासून दडवली तर ग्राहक कायद्याचा भंग होतो. यातली निम्मी माहिती इथला एजंट गिऱ्हाईकाला मुकाट्यानं देतो. तीच पुण्यात द्यायला अडचण कोणती, हे नाशिकच्या प्रदर्शनाआधी जाहीरपणे सांगा. मामांचे पाच हजार पौंड परत मागणारा अर्ज त्यांच्या सहीनं तुमच्याकडे पोचला आहे. त्याचंही उत्तर द्या.

कळावे.

मँचेस्टरची एक फ्लॅटधारक

ता. क. नाशिकला जाणाऱ्यांसाठी: इंग्लंडच्या लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावर सात पौंड भरले की कोणत्याही नोंदणीकृत मालमत्तेचा उतारा घरबसल्या मिळतो, आणि बिल्डर कंपनीचे संचालक आणि हिशेब कंपनीज हाऊस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. टेबलावरच्या माणसाकडे टायटल नंबर, म्हणजे मालमत्तेचा नोंदणी क्रमांक, मागा. तो त्याच्याकडे नसेल तर चेकबुक पिशवीतून काढू नका.